वाचकांचे प्रश्न : धोट्यातला धागा तोंडाने का ओढत?

प्रश्न : माझे आजोबा परळच्या एका गिरणीत विणाई खात्यात होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, असे ते सांगत. यंत्राच्या कामात तोंडाचा संबंध कसा आला?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : हातमागावर विणकर आडवा धागा वाहून नेणारा धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलत असे, त्यामुळे कापडाचा पन्हा (रुंदी) त्याच्या हातांच्या पोहोचीइतकाच राही. १७३३ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन के यांनी दोरी ओढताच या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारा धोटा तयार केला आणि १७८५ मध्ये एडमंड कार्टराइट यांनी यंत्रशक्तीवरील मागाचे पेटंट घेतले. माग वेगवान झाला, पण धोट्याच्या पोटातली सूत गुंडाळलेली कांडी काही मिनिटांत संपे. नवी कांडी बसवल्यावर धाग्याचे टोक धोट्याच्या बारीक डोळ्यातून बाहेर काढावे लागे, आणि त्यासाठी डोळ्याला ओठ लावून श्वास आत ओढणे हाच सर्वांत झटपट उपाय होता. धाग्याबरोबर कापसाची धूळही तोंडात जाई. शिवाय तोच धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागलेला असल्यास रोग पसरण्याचे भय असे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये अशा धोट्यांवर बंदी घातली.

मुंबईत या एवढ्याशा छिद्राने फार मोठा अन्याय केला, हे आपल्याला सांगितलेच पाहिजे. उष्ट्या धाग्याने विटाळ होतो, असे म्हणून सवर्ण कामगारांनी अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात येऊ दिले नाही. चांगली मजुरी मात्र त्याच खात्यात होती, आणि या कामगारांना कमी मजुरीच्या सूतकताई खात्यात राहावे लागे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि विणाई खाते सर्वांना खुले व्हावे, ही मागणी संपाच्या मागण्यांत घालण्याचा आग्रह धरला.

यंत्राच्या बाजूने उत्तर तोवर सापडलेले होते. अमेरिकेत १८९० च्या दशकात आलेल्या नॉर्थ्रॉप मागावर रिकामी कांडी आपोआप बदलली जाई आणि धागाही धोट्यात तोंड न लावता ओवला जाई. परंतु हे माग महाग होते आणि येथे मजूर स्वस्त होता, म्हणून मुंबईच्या गिरण्यांत साधेच माग पुढे कित्येक दशके चालत राहिले. १९५० च्या दशकात युरोपात बिनधोट्याचे माग बाजारात आले. त्यांत धाग्यासाठी डोळाच उरला नाही.