शंभर मॉड्यूल, त्यातली कामाची किती?

प्रश्न : वडिलांच्या जुन्या थिंकपॅड एक्स 200 वर डेबियन लिनक्स टाकलंय. रॅम 2 जीबी. एलएसमॉड ही कमांड दिली की शंभरभर मॉड्यूलची (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरसारख्या तुकड्यांची) यादी येते. बिनकामाची कशी ओळखायची? ती काढली तर लॅपटॉप पळेल का? की कर्नल घरीच सोर्स कोडपासून कंपाइल करू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पळण्याचं आधी सांगतो : नाही पळणार. एलएसमॉडच्या दुसऱ्या रकान्यात प्रत्येक मॉड्यूलचा आकार बाइटमध्ये असतो. बेरीज करून बघा, दहा-वीस एमबीच्या घरात येईल. ब्राउझरचा एखादा टॅब त्याहून जास्त खातो. डिस्कवर पडून असलेली बाकीची हजारो मॉड्यूल तर रॅममध्ये येतच नाहीत. यूडेव्हला (हार्डवेअर ओळखणारा प्रोग्राम) जे हार्डवेअर सापडतं, बहुतेक त्याचंच मॉड्यूल चढतं. वेग हवा असेल तर एसएसडी घाला, रॅम 4 जीबी करा.

तरीही साफसफाईची हौस असेल, तर तिसऱ्या रकान्यातल्या (मॉड्यूल सध्या किती ठिकाणी वापरात आहे तो आकडा) शून्याला भुलू नका. ई1000ई पुढे शून्य असतं, लोक ते उडवतात आणि मग केबलचं नेट कुठे गेलं म्हणून मलाच विचारतात! थिंकपॅड_एसीपीआय पुढेही शून्यच दिसेल, पण फंक्शनच्या खास बटणांचं काम तेच बघतं. त्यापेक्षा 'एलएसपीसीआय -के' द्या. प्रत्येक उपकरणाखाली त्याचा चालू ड्रायव्हर लिहिलेला असतो. यूएसबीसाठी 'एलएसयूएसबी -टी'.

ब्लूटूथ वापरत नसाल तर बीटीयूएसबी, आणि लॅपटॉपची ती 'पीं' नको असेल तर पीसीएसपीकेआर, एवढी खुशाल काढा. आधी 'मॉडप्रोब -आर'ने उतरवून बघा, रीस्टार्ट केलं की आपोआप परत येतात. काही अडलं नाही तरच मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे ती आपोआप चढणार नाहीत.

कंपाइल करणं शिकण्यासाठी उत्तम, पण तुमच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवर फार वेळ खाईल. कर्नल 2.6.32 पासून 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' आहे, ते त्या क्षणी चढलेली मॉड्यूलच ठेवतं. म्हणून आधी पेन ड्राइव्ह लावून उघडा, प्रिंटर जोडा, मोबाइलवरून नेट घेत असाल तर तेही चालू करा. नाहीतर नव्या कर्नलवर पेन ड्राइव्ह उघडणार नाही. आणि जुना कर्नल ग्रबच्या (सुरू होताना कर्नल निवडायचा मेनू) यादीतून काढू नका.