वाचक विचारतात: मळसूत्री पंप

पाणी उचलण्याच्या साधनांवरील लेखात उघड्या पन्हळीत फिरणाऱ्या मळसूत्री पंपाचा, म्हणजे स्क्रू पंपाचा, ओझरता उल्लेख होता. त्यावर इतकी पत्रे आली की हे सदर यावेळी त्याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न: पन्हळ वरून उघडी आहे, पाते आणि पन्हळ यांच्यात फटही आहे. मग पाणी मागे का घसरत नाही? स्क्रू त्याला इतक्या जोरात ढकलतो का?

तो ढकलतच नाही. या पंपाबद्दलचे निम्मे गैरसमज ‘ढकलणे’ या शब्दातून आले आहेत. स्क्रू तिरपा ठेवला की शेजारच्या दोन पात्यांमध्ये, पन्हळीच्या तळाशी एक खळगा तयार होतो. पाणी त्यात वाटीत बसावे तसे बसते. स्क्रू एक फेरा फिरला की खळगा एका पिचने वर सरकतो. पिच म्हणजे एकाच पात्याच्या लागोपाठच्या दोन वेढ्यांमधले अंतर. पाणी बिचारे आपल्या परीने सतत खालीच घरंगळत असते. त्याच्या पायाखालचा खळगा तेवढा वर चाललेला असतो.

खळगा टिकण्याची अट सोपी आहे: पिच गुणिले स्क्रूच्या तिरपेपणाच्या कोनाचा टॅन हे व्यास गुणिले ‘पाय’ (३.१४) यापेक्षा कमी हवे. त्यापुढे पाते इतके उभे होते की खळगाच उरत नाही आणि स्क्रू नुसता फिरतो. अर्थात ही शेवटची मर्यादा झाली. प्रत्यक्षात तिच्या आसपासही जायचे नाही. ३० अंशांपेक्षा कमी कोनाला पिच व्यासाच्या १.२ पट, ३० अंशांना व्यासाइतकी आणि त्याहून उभ्या मांडणीत ०.८ पट धरतात.

फटीतून पाणी गळते, पण ते खालच्याच खळग्यात जाते. तेवढे पाणी पुन्हा उचलावे लागते, म्हणून फट शक्य तितकी कमी हवी.

प्रश्न: पाणी २.५ मीटर उचलायचे आहे, सेकंदाला साधारण ५० लिटर. स्क्रू केवढा लागेल? मोटर किती?

कोन ३० अंश धरू. सर्वसाधारणपणे २२ ते ४० अंशांत काम चालते. कोन कमी असेल तर प्रत्येक खळग्यात पाणी जास्त बसते, पण स्क्रू लांब होतो, आणि लांब स्क्रू वाकतो. ३० अंशांच्या ज्येचे (साइनचे) मूल्य ०.५ येते, त्यामुळे २.५ मीटर उंचीसाठी ५ मीटर लांबी हवी. खालच्या बुडणाऱ्या टोकासाठी थोडी जास्त धरा.

बाहेरचा व्यास ६०० मिमी घ्या. मधला पाइप त्याच्या निम्मा, म्हणजे ३०० मिमी. बाहेरच्या व्यासाच्या ०.४५ ते ०.५५ पट हे चांगले प्रमाण आहे. पाइप बारीक केला तर जागा वाढते, पण पाणी पाइपावरून उसळून खालच्या खळग्यात लवकर सांडते आणि स्क्रू लवचिक होतो. पाती तीन ठेवा. दोन पात्यांचा पंप बनवायला सोपा, पण पाणी कमी देतो. चौथ्या पात्याने जेवढे पाणी वाढते त्या मानाने वेल्डिंगचा त्रास फार.

आता एका फेऱ्यातले पाणी. पाइपाभोवतीच्या कड्याचे क्षेत्रफळ ०.२१२ चौ.मी., गुणिले पिच ०.६ मी., म्हणजे १२७ लिटर जागा. त्यातली साधारण ४० टक्केच पाण्याने भरते. म्हणजे फेऱ्याला ५० लिटर. सेकंदाला ५० लिटर हवे असतील तर मिनिटाला ६० फेरे.

हा वेग चालेल का? कमाल वेगाचा जुना आणि अजून वापरात असलेला नियम असा: ५० भागिले व्यासाचा (मीटरमध्ये) दोन तृतीयांश घात. ०.६ मीटरला उत्तर ७० येते, म्हणजे ६० फेरे सुरक्षित आहेत. एक मीटर व्यासाला हीच मर्यादा ५०, दोन मीटरला जेमतेम ३१. वेग याहून वाढवला तर पाणी भिरकावले जाते, पाइपावरून उलटते आणि मोटर त्या खळबळाटावर वीज जाळते.

शक्ती: ५० × ९.८१ × २.५ = १२२६ वॅट. ही फक्त पाण्याला मिळणारी. गिअरबॉक्स, बेअरिंग, गळती धरून एकूण कार्यक्षमता ७० टक्के समजा, म्हणजे १.७५ किलोवॅट. २.२ किलोवॅटची मोटर घ्या. मोटर आणि स्क्रू यांच्यात वेग उतरवणारा गिअरबॉक्स लागणारच. फट साडेतीन मिलिमीटर ठेवा. तिचाही ठोकताळा आहे: मिलिमीटरमध्ये, ४.५ गुणिले व्यासाचे (मीटरमध्ये) वर्गमूळ.

हाताने फिरवायचा विचार असेल तर हे आकडे विसरा. माणूस बराच वेळ सुमारे ७५ वॅट देऊ शकतो. त्यातले ५० पाण्यापर्यंत पोहोचले तर एक मीटर उंचीला सेकंदाला पाच लिटर, अडीच मीटरला दोन.

प्रश्न: पात्यासाठी पत्र्याचे ६०० मिमी व्यासाचे, आत ३०० मिमी भोक असलेले कडे कापले, चिरले आणि ताणले. ते पाइपावर बसतच नाही. काय चुकले?

भोकाचे माप चुकले. जवळजवळ प्रत्येकजण पहिल्यांदा हीच चूक करतो. कडे ताणले की त्याचे भोक आवळते, म्हणून सपाट कडे दोन्हीकडून मोठे कापावे लागते. किती मोठे, ते असे काढा.

पाइपावर एका वेढ्याची तिरपी लांबी: ९४२ (पाइपाचा घेर) आणि ६०० (पिच) या बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, १११७ मिमी. बाहेरच्या कडेची तशीच लांबी: १८८५ आणि ६०० चा कर्ण, १९७८ मिमी. पात्याची रुंदी १५०. सपाट कड्याची आतली त्रिज्या = १५० × १११७ ÷ (१९७८ − १११७) = १९५ मिमी. बाहेरची त्रिज्या ३४५. म्हणजे ६९० व्यासाच्या चकतीत ३९० चे भोक. पाइपापेक्षा भोक ९० मिमीने मोठे दिसते, तरी घाबरू नका. बरोबर एक वेढा हवा असेल तर या कड्यातून ३१ अंशांची फाक काढून टाकावी लागते. ती न काढता नुसती एक चीर दिली तर एका कड्यात १.०९ वेढे निघतात, पत्रा वाचतो आणि सांधे एका रेषेत येत नाहीत. पाच मीटरला तीन पात्यांचे मिळून २५ वेढे लागतात, म्हणजे २३ कडी.

पाइपावर रेषा आखायला जाड कागदाचा काटकोन त्रिकोण कापा: पाया ९४२, उंची ६००. पाया पाइपाच्या घेरावर ठेवून गुंडाळला की त्याचा कर्ण हीच पात्याची रेषा. दुसरे आणि तिसरे पाते घेरावर ३१४ मिमी सरकवून सुरू करा. आधी सगळीकडे नुसते टाके मारा, स्क्रू दोन आधारांवर फिरवून बाहेरची कड तपासा, मगच सलग वेल्डिंग करा, आणि तेही समोरासमोरच्या बाजूंनी आलटून पालटून. एका टोकापासून सलग सुटलात तर पाइप केळ्यासारखा वाकलाच समजा. पाइपाची दोन्ही टोके हवाबंद करायला विसरू नका. आत पाणी शिरलेला पाइप जड होतो, आतून गंजतो आणि फिरताना डुचमळल्याचा आवाज देतो.

पन्हळ काँक्रीटची असेल तर शेवटचा गिलावा स्क्रूकडूनच करून घ्यायची पद्धत आहे. पात्यांच्या कडेला फटीएवढ्या जाडीची पट्टी बांधतात, पन्हळीत ओला मसाला टाकतात आणि स्क्रू सावकाश फिरवतात. मग पट्टी काढतात. गवंड्याच्या हाताने इतकी नेमकी गोलाई येत नाही.

प्रश्न: पंप नवा आहे, वेगही ठरल्याप्रमाणे आहे, पण पाणी अपेक्षेच्या दोन तृतीयांशच येते.

मोटरकडे पाहण्याआधी दोन्ही टोकांच्या पाण्याच्या पातळ्या मोजा. खाली, मधल्या पाइपाच्या तोंडाची वरची कड जेमतेम बुडेल इतके पाणी असेल तर खळगे पूर्ण भरतात. पातळी त्याखाली गेली की प्रत्येक खळगा अर्धवट भरून निघतो. पाणी पात्यांच्या खालच्या टोकाला नुसते टेकले असेल तर काहीच येत नाही. पातळी फार वर असली तरी पाणी वाढत नाही, फक्त घुसळण वाढते.

अर्धवट भरणे हा दोष नव्हे. पाणी कमी आले की पंप आपोआप कमी उचलतो, आणि कार्यक्षमता फारशी घसरत नाही. कोरडा फिरला तरी पात्यांना इजा नाही. म्हणूनच येणारे पाणी दिवसभर कमीजास्त होते तिथे हा पंप शोभतो.

वरच्या टोकाला उलट भानगड असते. बाहेरच्या नाल्यातले पाणी पन्हळीच्या ओठाच्या वर चढले तर उचललेले पाणी परत खाली वाहते. ओठापेक्षा पाणी थोडे खाली राहील असा नाला करा. फार खालीही नको, कारण तितकी उंची फुकट चढवल्यासारखी होते. दोन्ही पातळ्या बरोबर असतील, तर पट्टी घालून फट मोजा. खालपासून वरपर्यंत निदान पाच ठिकाणी.

प्रश्न: खालचे बेअरिंग काही महिन्यांत जाते. बदलून कंटाळलो.

नुसते बेअरिंग बदलत राहिलात तर ते पुन्हा जाईलच. कारण बहुधा या तिघांपैकी एक असते.

पहिले, ग्रीस पोहोचत नाही. नळी कुठेतरी तुटलेली असते आणि पंप इमानेइतबारे पाण्यात ग्रीस सोडत असतो. नळी बेअरिंगपाशी सोडवून पाहा. तिथे ग्रीस येते का, एवढेच बघायचे. रोज एकदा भरपूर देण्यापेक्षा फिरताना थोडे थोडे सतत दिलेले बरे, कारण बाहेर सरकणारे ग्रीसच वाळूला आत येऊ देत नाही.

दुसरे, स्क्रू आपल्या वजनाने मध्ये झुकतो, त्यामुळे दांड्याचे टोक किंचित तिरपे होते. ताठ बुश (दांडा ज्यात फिरतो ते नळकांडे) असेल तर त्याची एकच कड झिजते. जुने बुश काढून पाहा. एका बाजूला झीज असेल तर स्वतःला जुळवून घेणारे बेअरिंग बसवा.

तिसरे कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पोलादाचा पाच मीटर पाइप ३० अंश तापला की १.८ मिमी लांबतो. ही वाढ खालच्या बेअरिंगमध्ये सरकायला जागा हवी. स्क्रूचे वजन आणि पाण्याचा अक्षाच्या दिशेचा भार वरच्या बेअरिंगने घ्यायचा, खालच्याने फक्त टोक धरायचे. दोन्ही टोके जखडली असतील तर दर उन्हाला खालचे बेअरिंग चेपले जाते.

प्रश्न: दुपारी बंद पंप सुरू केला की पाती पन्हळीला घासतात. पंधरा मिनिटांनी आवाज थांबतो.

उन्हाची बाजू. बंद स्क्रूची वरची बाजू तापते, खालची सावलीत राहते आणि पाइप धनुष्यासारखा वाकतो. वरच्या मापाच्या स्क्रूत दोन बाजूंत २० अंशांचा फरक पडला तर मध्यभागी अडीच मिमी बाक येतो. फटच साडेतीनची, त्यात वजनाचा झोक. फिरल्यावर सगळा पाइप सारखा निवतो आणि आवाज जातो. पाइपाला फिकट रंग द्या, वर छत किंवा झाकण करा. ते जमत नसेल तर बंद काळात दर काही मिनिटांनी अर्धा फेरा फिरवायची सोय ठेवा. घासत असताना पूर्ण वेगाने मात्र चालवू नका.

प्रश्न: पाइपावर नळी गुंडाळून नमुना केला. पाणी दोन वेढे चढते आणि अडते.

नळीचे खालचे तोंड कायम बुडालेले असणार. दर फेऱ्यात ते पाण्याबाहेर येऊन हवाही घेऊ दिले पाहिजे. उघड्या पन्हळीत हवा वरून मिळते, बंद नळीत मात्र दोन घोटांच्या मधली हवा खालूनच यावी लागते. नमुना थोडा वर उचला.

माप म्हणून: १० सेमी व्यासाचा पाइप, आतून २० मिमीची नळी, वेढ्यांमध्ये १० सेमी अंतर, कोन ३० अंश. वेढ्यात सुमारे १०० मिली जागा असते, त्यात ४० मिली पाणी धरा. मिनिटाला ६० फेऱ्यांत सव्वादोन-अडीच लिटर.

प्रश्न: घट्ट गाळ उपसणारा, रबराच्या नळकांड्यात स्क्रू असलेला पंप हाच का?

नाही. तो फ्रेंच अभियंता रेने म्वानो यांनी १९३० च्या दशकात पुढे आणलेला. त्यात धातूचा स्क्रू रबराच्या आवरणात घट्ट बसून फिरतो, बंद पोकळ्या पुढे सरकतात आणि दाबही तयार होतो. तो कोरडा चालवला तर रबर जळते. आपला पंप दाब देत नाही, फक्त उंची देतो.

प्रश्न: हा शोध आर्किमिडीजचाच ना?

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला इतिहासकार डायोडोरस तसे म्हणतो. आर्किमिडीजच्या आधीही हा पंप असावा असे मानणारे अभ्यासक आहेत. बांधणीचा सविस्तर जुना तपशील रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने दिला आहे: लाकडी दांडा, त्यावर आठ मार्ग, डांबरात बुडवलेल्या लवचिक काड्यांची पाती, लांबी दांड्याच्या व्यासाच्या १६ पट आणि चढ ३-४-५ च्या त्रिकोणाचा. तो कोन सुमारे ३७ अंश येतो, म्हणजे आजच्याही मर्यादेतला.

प्रश्न: वीज गेली की स्क्रू उलटा भरधाव फिरतो. धोका आहे का?

आहे. खळग्यांतले पाणी खाली उतरताना स्क्रूला उलटे फिरवते, आणि त्या वेळी कोणी हात घातला असेल तर सुटका नाही. गिअरबॉक्सवर उलटी गती रोखणारी कुत्री (दातेरी चाकात अडकणारा खटका) किंवा एकदिशा क्लच बसवा. दुरुस्तीला उतरण्याआधी स्क्रू लाकडी ठोकळ्याने अडवा आणि मेन स्विचला कुलूप लावा. याच उलट्या फिरण्यावर वीज तयार करणारे स्क्रूही असतात. पण त्यांचा गिअरबॉक्स आणि जनित्र त्यासाठीच निवडलेले असते, तेव्हा पंपाची कुत्री काढून तो प्रयोग करू नका.