उभं रान विकलंत, तोडीची शेवटची तारीख कुठे आहे?

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाचकाने ऑक्टोबर 2022 मध्ये आपल्या वरकस रानातली साग, ऐन आणि किंजळाची 130 उभी झाडे एका लाकूड व्यापाऱ्याला चार लाखांना दिली. 100 रुपयांच्या स्टँपवर करार झाला. एक लाख विसार मिळाला, बाकी रक्कम ‘तोड पूर्ण झाल्यावर’ द्यायची ठरली. त्या मोसमात 46 झाडे गेली आणि मे 2023 नंतर व्यापारी फिरकला नाही. आता भाव वाढल्यावर तो माणसे घेऊन आला आहे आणि उरलेली 84 झाडे जुन्याच दरात मागतो आहे. वनखात्यातली कामे करण्यासाठी त्याच्याकडे या वाचकाने दिलेले कुलमुखत्यारपत्रही आहे. सातबाऱ्यावर खाजगी वनाची नोंद नाही. त्याला थांबवता येईल का, आणि विसार परत करावा लागेल का, असे त्यांनी विचारले आहे.

दिवाळीनंतर तोडीचा मोसम सुरू झाला की असे प्रश्न येऊ लागतात. तुमच्या करारातले एकच वाक्य मला महत्त्वाचे वाटते: ‘खरेदीदाराने आपल्या सोयीने झाडे तोडून न्यावीत.’ किती झाडे, कोणत्या चतुःसीमेतली, हे सगळे तुम्ही नीट लिहिलेत. शेवटची तारीख मात्र लिहिली नाहीत.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 3 प्रमाणे तोडीसाठी उभे असलेले इमारती लाकूड स्थावर मालमत्तेत मोडत नाही. पण ते लवकरच तोडायचे असेल तरच. शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य (1958) या खटल्यात बैतूल जिल्ह्यातल्या जंगलातून बारा वर्षांहून अधिक काळ लाकूड नेण्याचा हक्क बिननोंदणीच्या कागदावर दिला होता. न्या. विवियन बोस यांनी त्यात हा फरक स्पष्ट केला आहे: झाड जमिनीतून पोसत राहणार असेल तर तो जमिनीतलाच हक्क होतो आणि त्याला नोंदणी लागते. म्हणजे ‘सोयीने’चा अर्थ ‘कधीही’ असा लावला तर व्यापाऱ्याचा कागद नोंदणीअभावी लंगडा पडतो. ‘वाजवी मुदतीत’ असा लावला, जो करार कायद्याच्या कलम 46 मध्ये आहे, तर ती मुदत संपली असे म्हणायला भक्कम जागा आहे. 130 झाडांना एक मोसम पुरतो, फार तर दोन. न्यायालय यातला कोणता अर्थ घेईल हे मी आज सांगणार नाही. दोन्ही बाजू तुम्हाला मांडता येतात, एवढे पक्के.

अडचण तुमच्या गप्प बसण्याने झाली आहे. करारपूर्तीच्या दाव्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 54 प्रमाणे तीन वर्षे मिळतात. करारात तारीख असती तर ती त्या दिवसापासून मोजली गेली असती. तारीख नसल्यामुळे ती तुम्ही नकार दिल्याचे त्याला कळल्यापासून मोजली जाईल. तुम्ही लेखी नकार कधी दिलाच नाही. उलट दोन वर्षे फोनवर ‘पुढच्या मोसमात बघू’ म्हणत राहिलात. त्याचे घड्याळ अजून सुरूच झालेले नाही. तुमचे मात्र सुरू असू शकते. गेलेल्या 46 झाडांच्या किमतीची मागणी माल गेल्यापासून तीन वर्षांत करावी लागते, असा युक्तिवाद तो करेल. जानेवारी 2023 मध्ये गेलेल्या ओंडक्यांची मुदत त्या हिशेबाने जानेवारी 2026 मध्ये संपते, मेमधल्यांची मे 2026 मध्ये. ‘तोड पूर्ण झाल्यावर’ हे शब्द तुम्हाला वाचवतील, या भरवशावर राहू नका.

म्हणून नोटीस याच आठवड्यात गेली पाहिजे, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. वाजवी मुदत संपली, करार संपला, 46 झाडांची बाकी रक्कम द्या, रानात पाऊल ठेवू नका, असे तिच्यात स्पष्ट असावे. ‘पंधरा दिवसांत तोडा, नाहीतर…’ असे लिहू नका, त्याने करार जिवंत असल्याची कबुली जाते. ‘पुढच्या मोसमात’वाले व्हॉट्सॲप मेसेज असतील तर ते आधी वकिलाला दाखवा, कारण मग मसुदा बदलावा लागेल.

कुलमुखत्यारपत्र त्याच दिवशी रद्द करा. त्यात माझा हितसंबंध आहे म्हणून ते रद्द होत नाही, असे करार कायद्याचे कलम 202 दाखवून व्यापारी म्हणेल. म्हणू द्या. पण कलम 208 विसरू नका: तिऱ्हाइताला कळेपर्यंत रद्दीकरण त्याला लागू होत नाही. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे रद्दीकरणाची प्रत आणि लेखी हरकत द्या आणि आवक क्रमांक घ्या. साग, ऐन, किंजळ ही तिन्ही 1964 च्या झाडे तोडणे (विनियमन) कायद्याच्या अनुसूचीत आहेत. परवानगी, हॅमर (लाकडावर ठोकलेला वनखात्याचा शिक्का) आणि वाहतूक पास यांशिवाय लाकूड रस्त्यावर आले तर गाडीसकट जप्त होते. जुन्या परवानगीच्या आदेशावरची मुदत वाचा. आणखी एक धोका आहे. तुमच्या गट नंबरच्या परवान्यावर दुसरीकडचे लाकूड बाहेर गेले, तर पहिली विचारणा तुमच्याकडे होईल. सातबाऱ्यावर तुमच्या बहिणीचे नाव आहे आणि करारावर तिची सही नाही, असेही तुम्ही ओझरते लिहिले आहे. ती हरकत तिने स्वतः द्यावी.

दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुम्हाला न ऐकता त्याला मनाई हुकूम मिळणार नाही. कॅव्हेट 90 दिवसच चालते, मग नवे लागते. मनाईचा दावा तुम्हीही लावू शकता, पण नोटीस बजावणी आणि तारखांमध्ये मोसम निघून जातो. पोलीस ‘दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवतात. ही तोड खऱ्या अर्थाने वनखात्याच्या टेबलावरच अडते, म्हणून तिकडची हरकत आधी.

विसाराबद्दल. चार लाख भागिले 130, म्हणजे झाडामागे साधारण 3,077 रुपये. 46 झाडांचे 1,41,500 च्या घरात. व्यापारी पहिल्या फेरीत जाडजूड सागच उचलतो, म्हणजे खरी किंमत याहून जास्त निघेल. एक पैसाही परत करू नका. आधी पंचांसमक्ष तोडलेल्या झाडांच्या उरलेल्या बुंध्यांना क्रमांक घाला, प्रत्येकाचा घेर टेपने मोजा, फोटो काढा. उभ्या 84 झाडांचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजून रंगाने क्रमांक टाका.

व्यापाऱ्याचे उत्तर येईपर्यंत दुसऱ्याशी सौदा करू नका. तोही दाव्यात ओढला जाईल. पुढे कराल तेव्हा तोडीची शेवटची तारीख 31 मे लिहा, आणि त्यानंतर उभी राहिलेली झाडे तुमची. दर घनफुटावर ठरवला तर मोजण्याची रीतही लिहा. घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करण्याची बाजारातली पद्धत गोल लाकडाचे घनफळ सुमारे 21 टक्क्यांनी कमी दाखवते: 36 इंच घेर, 10 फूट लांबीचा ओंडका तिच्यात 5.6 घनफूट भरतो, प्रत्यक्षात 7.2 च्या आसपास असतो. घेर सालीसकट की साल काढून, तेही करारातच असू द्या.