चाली सुचायच्या बंद झाल्या तेव्हा

"संगीतरचना शिकायला विद्यापीठात आलो आणि सुचायचंच बंद झालं." विद्यार्थ्यांची समुपदेशक म्हणून ही काळजी माझ्याकडे वरचेवर येते. ओळखीच्या खुणा बदलून एका मुलाची हकिगत सांगते.

तो अंबाजोगाईकडचा. गावच्या भजनी मंडळात लहानपणापासून टाळ धरलेला, अभंगांना स्वतःच्या चाली लावणारा. छत्रपती संभाजीनगरला पदवीच्या पहिल्या वर्षाला आला आणि दिवाळीआधी माझ्यासमोर येऊन बसला, मोबाइल मांडीवर पालथा ठेवून.

"मॅडम, चाल धरली की लगेच तपासायलो मी. हा स्वर चालतो का, तो चालतो का. दोन ओळींच्या पुढं जाईना. सगळी रेकॉर्डिंग पुसून टाकली."

झोप, जेवण, घरची पैशाची ओढाताण, हे मी आधी विचारून घेतलं. त्यात काळजीचं काही नव्हतं. मग मूळ दुखणं निघालं. वर्गात त्याने आपली एक चाल भूप रागातली म्हणून गायली होती. सर म्हणाले, "हा भूप नाही, देशकार झाला." संगीताची विशारद परीक्षा झालेली मुलं हसली. तेव्हापासून गाणं घशातच अडकलेलं.

मी पेटी शिकले आहे, त्यामुळे हे मला कळलं. दोन्ही रागांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. भूपाचा वादी, म्हणजे राग ज्यावर मुक्काम करतो तो मुख्य स्वर, गंधार (ग), देशकाराचा धैवत (ध). मुक्काम बदलला की राग बदलतो.

"तू चुकलास असं सर म्हणाले?"

"नाही. देशकार झाला म्हणाले."

"चाल सुचली कधी?"

"काकड्याला. पहाटं."

देशकार सकाळचा राग, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरातला. हे बोलल्यावर आम्ही दोघंही जरा वेळ गप्प बसलो. हसण्याची जखम खरी होती, ती मी हलकी केली नाही. पण सरांनी त्याच्या चालीला तिचं नाव सांगितलं होतं, आणि त्याने ते शिक्षेसारखं ऐकलं होतं.

मग त्याला म्हटलं, टेबलावर ठेका धर आणि मोठा अभंग गा. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं. त्याची बोटं आठ मात्रांवर चालू लागली. चौथ्या चरणाला त्याने अक्षरं ओढली, चारांनाही आठ मात्रांचं पुरं आवर्तन दिलं आणि बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आला. "हे कुणी शिकवलं?" तो बोटांकडे बघत राहिला. रचनेचा पाया म्हणून वर्गात जे मांडतात, अक्षरं मात्रांवर कशी बसवायची, त्यातलं बरंच त्याच्या अंगात होतं. आता त्याला नावं मिळत होती.

अशा मुलांचा कान हातापेक्षा लवकर तयार होतो, असं मला दिसत आलंय. काल जे गोड वाटायचं त्यातलं उणं आज ऐकू येतं, पण ते भरून काढायचा रियाज अजून झालेला नसतो. या मधल्या काळात मुलं स्वतःला कोरडी ठरवतात, काही तर कोर्स सोडायला निघतात. मला ते फार लागतं.

आम्ही वेळ वाटून घेतली. संध्याकाळी फक्त गायचं, रेकॉर्ड करायचं, नावं ठेवायची नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच ऐकून भातखंडे स्वरलिपीत उतरवायचं आणि मग हवी तेवढी चिरफाड करायची. पुसायचं मात्र आठवडाभर नाही. पहिले दहा-बारा दिवस काहीच निघालं नाही. तो चिडला, एक भेट चुकवली. मीही घाई केली नाही.

दिवाळीनंतर वही घेऊन आला. मात्रांचे रकाने पट्टीने आखलेले, पेन्सिलीची खाडाखोड, एका ठिकाणी कागद फाटेपर्यंत खोडलेलं. "तिसरा चरण अजून बसंना," म्हणाला, आणि मोबाइल सुलटा करून मला पहिले दोन ऐकवले.