जहाजावर माणसाची जागा माग

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

सागरी जैवविविधता कराराच्या बैठकांना जाणाऱ्या शिष्टमंडळात तू आहेस, हे वाचून फार आनंद झाला. तिथे कायदा आणि परराष्ट्र खात्याची माणसं पुष्कळ असतात, समुद्रात नमुने काढलेली फारच थोडी. तू विचारलंस, विकसनशील देशांनी तंत्रज्ञान मागायचं म्हणजे नेमकं काय मागायचं? यंत्राच्या आधी माणसासाठी जागा माग, एवढंच मला ठामपणे सांगायचं आहे.

आपलाच इतिहास बघ. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. डझनाहून जास्त देशांची चाळीसएक जहाजं या पाण्यात उतरली. आपल्याकडे खोल समुद्रात जाणारं धड संशोधन जहाज नव्हतं, नौदलाची ‘किस्तना’ वापरावी लागली. तरी त्या मोहिमेतून आपण मोठी गोष्ट मिळवली. जहाजांनी एकाच मापाचं जाळं वापरायचं आणि प्राणिप्लवकांचे, म्हणजे पाण्यासोबत वाहत जाणाऱ्या बारीक प्राण्यांचे, नमुने कोचीला पाठवायचे, असं ठरलं. युनेस्कोच्या मदतीने तिथे केंद्र उभं राहिलं, परदेशी तज्ज्ञ आले आणि आपल्या तरुण मुलामुलींनी सूक्ष्मदर्शकाखाली ते नमुने वेगळे केले. नमुने इथेच यावेत हा आग्रह धरला नसता, तर नमुने युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत गेले असते आणि ते बघायला आपल्याला शिष्यवृत्त्या शोधाव्या लागल्या असत्या. १ जानेवारी १९६६ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली, डॉ. पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले आणि कोचीचं केंद्र तिचाच भाग बनलं. पुढे एका हॉपर बार्जचं, म्हणजे गाळ वाहून नेणाऱ्या बोटीचं, रूपांतर करून ‘गवेषणी’ तयार झाली, १९७६मध्ये. २६ जानेवारी १९८१ला तिनेच अरबी समुद्राच्या तळातून बहुधात्विक गोटे, म्हणजे अनेक धातू असलेले खनिजांचे गोळे, वर आणले. १९८७मध्ये खोल समुद्रातल्या खनिजांसाठी जगातला पहिला नोंदणीकृत ‘पायोनियर’ गुंतवणूकदार म्हणून भारताचं नाव लागलं. या सगळ्याच्या मुळाशी कोचीत घडलेली माणसं आहेत, असं मी मानतो.

आता कायदा. १९८२च्या सागरी कायदा कराराचं कलम २४९ पाठ करून जा. परदेशी जहाज तुमच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यात, संशोधनाला आलं, तर तुमचा शास्त्रज्ञ त्यावर जाऊ शकतो, खर्चाचा वाटा न उचलता. माहिती आणि नमुने मागता येतात, निष्कर्षांचा अर्थ लावायला मदतही मागता येते. पण कलम २५२सुद्धा वाच. प्रस्ताव आल्यापासून चार महिन्यांत काहीच कळवलं नाही, तर संमती गृहीत धरली जाते. छोट्या बेटराष्ट्रांकडे असे अर्ज वाचायला मोजकीच माणसं असतात. हक्क कागदावर असतो आणि जहाज काम उरकून निघून जातं. मला याचं मनापासून दुःख होतं.

तू ज्याच्या बैठकांना जाते आहेस तो, कुठल्याच देशाच्या हद्दीत न येणाऱ्या समुद्राला लागू होणारा नवा सागरी जैवविविधता करार १७ जानेवारी २०२६पासून अमलात आला आहे. भारताने त्यावर २०२४मध्ये सही केली. क्षमताबांधणी आणि तंत्रज्ञान हस्तांतरण हा त्याचा एक पूर्ण भाग आहे. त्यावर चर्चा सुरू झाली की सगळे जहाजांविषयी, पाणबुड्यांविषयी बोलतील. तू कॅलिब्रेशनविषयी, म्हणजे यंत्राची मापं बरोबर आहेत का हे तपासून जुळवण्याविषयी, बोल.

समुद्राची क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं सीटीडी यंत्र भेट मिळतं, फोटो निघतात. मग सेन्सरची मापं हळूहळू चुकत जातात. तपासायला ते उत्पादकाच्या प्रयोगशाळेत, अनेकदा दुसऱ्या खंडात, पाठवावे लागतात, त्यात कस्टम्सची कागदपत्रं असतात, भाडं असतं. क्षारता पडताळायला प्रमाणित समुद्रपाणी लागतं, तेही इंग्लंडहून येतं. यंत्र पाण्यात सोडणाऱ्या विंचची केबल गंजते. एवढं सांभाळणारा पगारी तंत्रज्ञ नसेल, तर ते यंत्र कपाटात पडून राहतं आणि त्याच्या नोंदींवर कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून मी म्हणेन, यंत्र देणाऱ्याने दहा वर्षांचं कॅलिब्रेशन, सुटे भाग आणि दोन तंत्रज्ञांचं प्रशिक्षण द्यावं. प्रादेशिक कॅलिब्रेशन केंद्र निघालं तर फारच उत्तम, एकट्या बेटराष्ट्राला ते झेपणार नाही.

माहिती खुली असणं हेही अर्धंच काम. आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे सुमारे चार हजार फ्लोट, म्हणजे पाण्यात वर-खाली होणारी स्वयंचलित मापनयंत्रं, जगभरच्या समुद्रांतून तापमान आणि क्षारता कळवतात, ती माहिती कुणालाही फुकट मिळते. ती वापरणारी माणसं मात्र घडवावी लागतात. हैदराबादला इन्कॉइस या भारताच्या सागरी माहिती सेवा केंद्राच्या प्रशिक्षण केंद्रात परदेशी उमेदवार येतात. मालदीव, सेशेल्स, कोमोरोसच्या प्रतिनिधींना भेटून त्याविषयी आवर्जून सांग.

आणि एक विसरू नकोस. त्या टेबलाशी आपण आता दोन्ही बाजूंना आहोत, मागणारेही आणि देणारेही. २००४च्या सुनामीनंतर आपण उभी केलेली यंत्रणा आज हिंदी महासागरातल्या देशांना इशारे देते, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या जोडीने. आपल्या जहाजावर शेजारी देशाचा शास्त्रज्ञ आला, तर त्याला नुसता पाहुणा म्हणून वागवू नये. त्याला वॉच, म्हणजे जहाजावरची कामाची पाळी, द्यावी, नमुन्यांत वाटा द्यावा, निबंधावर त्याचं नाव यावं.

बैठकीतल्या निर्णयांचा मसुदा हाती आला की क्षमताबांधणीची कलमं आधी वाच. कोण देणार, किती वर्षं, कुणाच्या पैशातून, हे जिथे लिहिलेलं नसेल तिथे पेन्सिलीने खूण कर आणि ती पानं मला पाठव. मी दोन दिवसांत उत्तर देतो.

तुझा,
सर