नाशिकच्या आसपास मिळणारी रानअळंबी विषारी आहे की नाही, हे घरी कसं ओळखायचं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. त्र्यंबक-हरसूलकडून आणलेली रानातली अळंबी खाण्याजोगी आहे हे घरी कसं तपासायचं, भाजीत चांदीचं नाणं टाकून बघितलं तर चालेल का, आणि रस्त्यावर विकायला असते ती घ्यायची का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही. नाणं देव्हाऱ्यात राहू द्या.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. अंड्याने पडते, कांद्याने पडते. ज्या विषाने माणूस दगावतो त्या अमाटॉक्सिनचा चांदीशी काडीचा संबंध नाही. लसूण निळा पडतो का, तांदळाचा रंग बदलतो का, हे सगळे त्याच माळेचे मणी. 'किडे लागलेत म्हणजे विषारी नाही' हेही खोटं, कारण अळ्या आणि गोगलगायी विषारी अळंबी खुशाल खातात. सगळ्यात घातक समजूत म्हणजे उकळून पाणी फेकलं की विष जातं. अमाटॉक्सिन उकळून, तळून, वाळवून किंवा फ्रीजमध्ये ठेवून जात नाही.

म्हणजे 'विषारी कोणती' हे ओळखायच्या भानगडीत पडूच नका. खायची एक ओळखा, बाकी सगळ्या सोडा. आपल्याकडे ती एक म्हणजे वारुळाची अळंबी, शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. वाळवी जमिनीखाली पालापाचोळा चघळून त्याचा करडा-तपकिरी, स्पंजासारखा गोळा रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. पाऊस मुरला की त्या गोळ्यातून देठ वर निघतो आणि माती फोडून बाहेर येतो. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात पावसाळाभर कधी ना कधी दिसते, आणि बहुतेकदा दरवर्षी त्याच जागी. ज्यांना या जागा ठाऊक आहेत ते कुणाला सांगत नाहीत, आणि बरोबर करतात.

आता खुणा. टोपीच्या मधोमध टोकदार, कडक उंचवटा, कारण त्यानेच माती फोडायची असते. तो भाग बाकी टोपीपेक्षा गडद, करडा किंवा तपकिरी. टोपी उमलली की कडेपासून आत चिरा जातात. टोपीखालचे पडदे, म्हणजे वहीच्या पानांसारख्या पातळ घड्या, आधी पांढरे, नंतर गुलाबीसर. देठ पांढरा, भरीव. आणि खरी गोष्ट जमिनीखाली: देठ मुळासारखा निमुळता होत खाली जातो, वीतभर, हातभर, कधी त्याहून जास्त, आणि थेट वाळवीच्या त्या गोळ्याला जाऊन भिडतो.

म्हणून पहिली अळंबी उपटायची नाही. खुरपं किंवा छोटी पहार घेऊन बाजूने खणायचं, देठ न तोडता. मूळ मध्येच तुटलं की पुरावा गेला. खाली स्पंजासारखा गोळा आणि त्यात पांढरी वाळवी दिसली तर त्या जागेची अळंबी वारुळाची. त्या घोळक्यातल्या तशाच दिसणाऱ्या बाकीच्या मग जमिनीलगत कापा, प्रत्येकीसाठी वारूळ उकरायची गरज नाही. पुढच्या वर्षी पुन्हा हवी असेल तर तो गोळा हलवू नका, माती परत लोटा.

नुसतं 'वारुळावर उगवली' एवढ्यावर मात्र जाऊ नका. वारुळावर दुसऱ्या बुरश्याही येतात, आणि वारुळाची अळंबी कित्येकदा सपाट जमिनीतून येते, कारण वारूळ आत असतं. नुसतं मूळ आहे एवढंही पुरेसं नाही, झाडांच्या मुळांवर वाढणाऱ्या काही छत्र्यांनाही लांब मूळ असतं. गोळा दिसला पाहिजे.

बीजाणूंचा, म्हणजे पडद्यांतून झडणाऱ्या बारीक पुडीचा, ठसाही घ्या. उमललेली टोपी देठापासून कापायची, पडदे खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो. हिरवट आला तर फेका, तपकिरी आला तर फेका, पांढरा आला तरी फेका.

या हिरव्या ठशावरून आमच्याकडे जुना वाद आहे, तो सांगतोच. गंगापूर रोडला साडूभाऊंच्या सोसायटीत शेणखत घातलेली हिरवळ आहे. तिथे दमदार पावसानंतर मोठ्या पांढऱ्या छत्र्यांचं गोल कडं उगवलं. साडूभाऊंनी पिशवी भरून आणली, सासूबाईंनी कढईत नाणं टाकलं, नाणं लख्ख राहिलं, आणि सगळे ताटं घेऊन बसले. मी गॅस बंद केला. टोपीवर तपकिरी खपल्या होत्या, बोटाने सुटणाऱ्या, मध्यभागी दाट. देठावर जाड कडं होतं आणि ते अंगठीसारखं वरखाली सरकत होतं. बुडाला मूळ नाही, नुसता फुगीर गड्डा. साडूभाऊ म्हणाले, "अहो, पडदे पांढरे आहेत की, आमच्या गावाकडे अशाच असतात." पडदे पांढरे होतेच, कारण ही छत्री कोवळी असताना पांढरीच असते आणि नंतर आतून हिरवट-करडी होत जाते. सगळे फसतात ते इथेच. हिचं नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. जीव सहसा घेत नाही, पण खाल्ल्यावर एक ते तीन तासांत असे उलट्या-जुलाब सुरू होतात की सलाईन लावायची पाळी येते. सगळ्यात उमललेली एक टोपी कागदावर ठेवली. सकाळी टोपी उचलली तर पांढऱ्या अर्ध्यावर पडद्यांच्या रेघांसकट मळकट हिरवी पूड. साडूभाऊंचं म्हणणं, कागदच तसला असेल. आजही लग्नकार्यात भेटले की 'तुम्ही भाजी वाया घालवलीत' हे ऐकवतातच. आणि नाणं लख्ख होतं, हेही.

तर साडूभाऊ वाचत असतील तर: नाणं लख्ख होतं, कारण त्याला काळं पडायचं काही कारणच नव्हतं.

हिरवळीवरची सोडा, जीव घेणाऱ्या वेगळ्याच आहेत. अमानिटा जातीच्या काही छत्र्या: पांढरे पडदे, देठावर झालर, आणि बुडाला मातीत दडलेली पिशवी. वरून कापून आणली तर पिशवी जमिनीतच राहते आणि ओळखायची खूण नाहीशी होते. कोवळेपणी ही अंड्याच्या आकाराचा पांढरा गोळा असते, म्हणून रानातला कोणताही गोळा उभा चिरून बघा. आत छत्रीची आकृती दिसली तर फेका. आणि पिशवी नाही म्हणजे बिनधोक, असंही नाही, कारण लेपिओटा नावाच्या छोट्या खपलीदार छत्र्यांपैकी काहींमध्ये पिशवीशिवाय तेच विष असतं. टोकदार टोपीची, रेषारेषांची, तपकिरी ठशाची छोटी इनोसायबी वेगळी: खाल्ल्यावर साधारण पंधरा मिनिटं ते दोन तासांत दरदरून घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी.

अमाटॉक्सिनचं वेळापत्रक लक्षात ठेवा. पहिले सहा ते बारा तास, कधी चोवीस, काहीच होत नाही. मग जोराचे उलट्या-जुलाब. त्यानंतर एक-दीड दिवस माणसाला बरं वाटतं, घरचे म्हणतात बाधलं होतं, उतरलं. तेव्हा यकृत आत निकामी होत असतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन १३ जण गेले. म्हणून जेवणानंतर दोन तासांत सुरू झालेल्या उलट्यांपेक्षा रात्रीच्या जेवणानंतर पहाटे सुरू झालेल्या उलट्यांना जास्त घाबरा. घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा, मोठ्या दवाखान्यात जा, आणि उरलेली कच्ची अळंबी सोबत न्या. त्यासाठीच शिजवण्याआधी एक अख्खी, मुळासकट, कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायची. प्लॅस्टिकमध्ये ठेवली तर चिखल होतो.

रस्त्यावर विकत घ्यायची का, हा तुमच्या मूळ प्रश्नातला भाग राहिला. विकणाऱ्या मावशींना जागा माहीत असते, माझा विश्वास त्या जागेवर आहे. पण देठ बुडापासून छाटलेला वाटा घेऊ नका. शेपटीला माती लागलेली, लांब मूळ असलेली बघा, "वारुळाची का?" आणि "कुठली?" असं विचारा. वाट्यात दोन-तीन जातींची मिसळ दिसली तर दुसरीकडे बघा. घरी आणलेली त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवशी अळ्या पडतात. कच्ची नाही, अर्धवट परतलेली नाही, पूर्ण शिजवून. पहिल्यांदा खात असाल तर दोन घास, बाकी दुसऱ्या वेळी, कारण चांगली अळंबीही काहींना सोसत नाही. लहान मुलांना आणि गरोदर बाईला रानातली देऊच नका.

एक सांगायचं राहिलं: वारुळाच्या अळंबीच्या काही जातींना देठावर कडं असतं, आणि एक अगदी बारीक, शेकड्याने उगवणारी जात आहे तिला लांब मूळ नसतं. म्हणजे वर सांगितलेल्या खुणा त्यांना पुऱ्या लागू पडत नाहीत. त्या जाती जाणकाराने जागेवर हातात घेऊन दाखवल्याशिवाय शिकता येत नाहीत, फोटो पाठवून तर मुळीच नाही. मलाही पाठवू नका. धिंगरी अळंबी (ऑयस्टर मशरूम) नाशिकच्या बाजारात पाकिटात मिळते, श्रावण संपेपर्यंत त्यावर भागवा.