वाचकांचे प्रश्न : स्वतःच्या प्रोग्रामचे डेब पॅकेज

प्रश्न : कापसाचे वजन, ओलाव्यापोटी झालेली कपात आणि मिळायचा चुकारा यांचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिला आहे. तो टर्मिनलवर आज्ञा देऊन चालतो. आमच्या शेतकरी गटाच्या आणि वाचनालयाच्या संगणकांवर उबुंटू आहे. तेथे तो इतर सॉफ्टवेअरप्रमाणे रीतसर बसवता आणि काढता यावा यासाठी काय करावे? गावात इंटरनेटचा भरवसा नसतो.
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : उबुंटू ही डेबियनवर आधारलेली प्रणाली असल्याने तुम्हाला डेब पॅकेज, म्हणजे प्रोग्राम बसवण्यासाठी बांधलेली एकच फाइल, तयार करावे लागेल. एका रिकाम्या फोल्डरमध्ये ‘यूएसआर’ आणि त्याच्या आत ‘बिन’ असा मार्ग उभारून तेथे प्रोग्राम ठेवा, त्याच्या पहिल्या ओळीत पायथन ३चा उल्लेख करा आणि फाइलला चालवण्याची परवानगी द्या. ‘यूएसआर’च्या शेजारी ‘डेबियन’ नावाचे, सर्व अक्षरे मोठ्या (कॅपिटल) रोमन लिपीतील फोल्डर करून त्यात पॅकेजची माहिती देणारी ‘कंट्रोल’ ही फाइल लिहा. पॅकेजचे नाव लहान रोमन अक्षरांत हवे. वर्णन मात्र खुशाल मराठीत लिहावे, कारण ही फाइल युनिकोडमध्येच असते. आर्किटेक्चरपुढे ‘ऑल’ लिहा, कारण तुमचा प्रोग्राम कोणत्याही एका प्रोसेसरशी बांधलेला नाही.

खरा विचार याच फाइलमधील ‘डिपेंड्स’ या, प्रोग्रामला लागणारी इतर पॅकेजे सांगणाऱ्या ओळीचा करावा लागतो. तेथे लिहिलेली पॅकेजे संगणकावर नसतील, तर ‘एपीटी’ ही पॅकेजे बसवणारी आज्ञा ती इंटरनेटवरून आणू पाहते, आणि तुमच्या गावी नेमके तेथेच अडेल. म्हणून बाहेरची लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, शक्यतो टाळा. सीएसव्ही फायली (साध्या मजकुरातील तक्ते) आणि एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) या दोन्हींची सोय पायथनसोबतच येते, त्यामुळे केवळ पायथन ३वर भागते आणि पेन ड्राइव्हवरची एक फाइल पुरते.

दुसरी गोष्ट मी आग्रहाने सांगेन : हिशेबाच्या नोंदी ‘यूएसआर’मध्ये ठेवू नका. तेथे साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही, आणि तेथील पॅकेजच्या फायली नवी आवृत्ती येताच बदलल्या जातात. नोंदी वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये, ‘.लोकल’मधील ‘शेअर’ येथे ठेवल्यास प्रोग्राम काढला तरी त्या शाबूत राहतात. शेतकऱ्याच्या चुकाऱ्याचा हिशेब आपल्या सुधारणेपायी पुसला जाता कामा नये.

‘कंट्रोल’ फाइलमध्ये लिहायचे आवृत्तीचे आकडे गणितातील दशांशाप्रमाणे वाचले जात नाहीत, १.१० ही आवृत्ती १.९च्या नंतरची ठरते.

पॅकेज बांधण्यासाठी ‘डीपीकेजी-डेब’ ही आज्ञा ‘बिल्ड’ आणि ‘रूट-ओनर-ग्रुप’ या पर्यायांसह द्या. दुसरा पर्याय फायली ‘रूट’ या प्रशासकाच्या खात्याच्या नावे करतो; तो गाळल्यास फायलींची मालकी तुमच्या खात्याच्या क्रमांकावर नोंदलेली राहते. तयार फाइल ‘लिंटियन’ या पॅकेजमधील चुका शोधणाऱ्या प्रोग्रामकडून तपासून घ्या. बसवताना ‘एपीटी इन्स्टॉल’पुढे फाइलच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यायला विसरू नका, नाहीतर एपीटी त्या नावाचे पॅकेज समोरच्या फोल्डरऐवजी उबुंटूच्या भांडारात शोधू लागते.